पाऊस लागला की रोज पहाटे शिंका: कोकणातल्या घरात ॲलर्जीचे मूळ कसे शोधावे

माझे माहेर कोल्हापूरचे. २००९ साली लग्न होऊन देवगड तालुक्यात आले. पहिला पावसाळा सुखाचा गेला. दुसऱ्या वर्षी आषाढ सरता सरता पहाटेच्या शिंका सुरू झाल्या आणि तिसऱ्या वर्षी मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत त्यांनी पिच्छा सोडला नाही. साडेपाचला जाग यायची तीच नाकातल्या खाजेने. ओळीने दहा-बारा शिंका, मग नळ सोडल्यासारखे नाक, चोळून चोळून लाल झालेले डोळे, टाळूला आतून खाज. नऊच्या सुमारास सगळे ओसरायचे आणि दिवसभर मी ठणठणीत. सासूबाई म्हणायच्या, "तुका गारठो बाधलो गो." माहेरी म्हणायचे, हिला खारी हवा मानवत नाही. दोन्हीकडची माणसे मायेनेच बोलत होती, पण त्यात माझी चार वर्षे गेली. केस धुवायचे नाहीत, ताक-दही बंद, कानाला फडके. शिंका होत्या तिथेच.

गारठ्याने किंवा भिजल्याने ॲलर्जी होत नाही. ज्यांना दर पावसाळ्यात, मुख्यतः पहाटे आणि घरातच त्रास होतो, त्यांनी शोध आभाळात घेण्याआधी अंथरुणात आणि भिंतीत घ्यावा. मला हे उमगायला उशीर झाला, म्हणून सगळे सविस्तर लिहिते आहे.

ही साधी सर्दी तर नाही ना?

विषाणूची सर्दी साधारण आठ-दहा दिवसांत उतरते. सोबत घसा दुखतो, अंग मोडून येते, कधी कणकण असते. ॲलर्जी आठवडेच्या आठवडे चालते आणि तिची मोठी खूण म्हणजे खाज: नाकाला, डोळ्यांना, टाळूला, कधी कानाच्या आत. खाज अजिबात नसेल तर ॲलर्जीच आहे असे धरून चालू नका. नाकाची एकच बाजू सतत बंद राहत असेल, रक्त येत असेल, वास येणे थांबले असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

ताप असेल तर ती ॲलर्जी नव्हे. आपल्याकडे लावणीच्या दिवसांत हे फार महत्त्वाचे आहे, कारण चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या रोगाची) भीती असते. लेप्टोतही डोळे लाल होतात, पण त्यात ताप चढतो आणि पोटऱ्यांत कळा येतात. अशा वेळी "नेहमीचीच ॲलर्जी" म्हणून गोळी घेऊन झोपू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मला कारण कसे सापडले

२०१३ च्या गणपतीत आमच्या घरी वीस-बावीस माणसे होती. खोल्या पाहुण्यांना दिल्या आणि मी जावांबरोबर ओटीवर चटई टाकून पाच रात्री झोपले. बाहेर पाऊस धो धो. पडवीला झाप लावलेले होते, तरी तुषार आत यायचे. चौथ्या पहाटे लक्षात आले की दोन दिवस आपण शिंकलोच नाही. गौरी-गणपतीचे विसर्जन झाले, पाहुणे पांगले, मी माजघरात माझ्या गादीवर परतले आणि तिसऱ्या पहाटे शिंका हजर. पाऊस तोच, समुद्र तोच, अंगणातले पाणीही तेच. बदलली होती ती फक्त झोपायची जागा.

त्या दिवसापासून मी वही घातली. कोणाला ॲलर्जीचा संशय आला तर मी पहिल्यांदा हेच सांगते: महिनाभर रोज दोन ओळी लिहा. रात्री कुठे झोपलात, कशावर झोपलात, सकाळी किती शिंका आल्या, दिवसभरात काय केले (झाडलोट, माळा, गोठा, बाग, मळणी), पाऊस होता की उघडीप. आठवणीवर विसंबू नका. आपल्याला वाईट दिवस तेवढे आठवतात, बरे दिवस निसटतात, आणि खरा सुगावा बऱ्या दिवसांत असतो.

पहिला पावसाळा मला का बाधला नाही, हेही पुढे डॉक्टरांनी समजावले. एखाद्या निरुपद्रवी वस्तूला शत्रू मानायला शरीराला वेळ लागतो. आधीच्या संपर्कांत ते तिच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करून ठेवते. ती नाकातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढे तीच वस्तू नाकात गेली की या पेशी हिस्टामिन सोडतात, आणि खाज, शिंका, वाहणे सुरू होते. म्हणून "इतकी वर्षे याच घरात आहे, मग आताच कशी होईल?" या प्रश्नाला अर्थ नाही. ॲलर्जी अशीच उशिरा उगवते.

गादीतला जीव

माझी गादी माहेरून आलेली, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची. वर आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ. दोन्हींत घर करून होते धुळीतले माइट. हा कोळ्याच्या कुळातला जीव, जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर, डोळ्यांना न दिसणारा. चावत नाही, रोग पसरवत नाही. आपल्या अंगावरून गळणारे त्वचेचे सूक्ष्म कण खाऊन जगतो. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. तो पाणी पीत नाही, हवेतला ओलावा अंगात शोषून घेतो. हवेची आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो सुकून मरतो. आता आपला पावसाळा बघा: आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर, ऊन नाही, गादी तीन-चार महिने बाहेर पडत नाही. माइटसाठी याहून चांगले दिवस नाहीत. रात्रभर त्याच उशीत तोंड खुपसून झोपल्यावर पहाटे नाक पेटून उठणारच.

उपाय महागडे नाहीत, पण वेळेवर करावे लागतात. मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, गाद्या-उशा चार-पाच दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवा, मग काठीने चांगल्या झोडा. झोडायचे काम ॲलर्जी असलेल्याने करू नये. मेलेल्या माइटचा भुगाही तेवढाच त्रास देतो, म्हणून नुसते ऊन पुरत नाही. चादरी, अभ्रे, वाकळ निदान ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवायला हवीत. आमच्याकडे पाणचुलीवर हंडा असतोच, पाणी हात घालवणार नाही इतके तापले की कपडे त्यात भिजवते. अभ्रे दर आठवड्याला. पावसात वाळत नाहीत ही खरी अडचण आहे, म्हणून मी अभ्र्यांचे चार जोड केले आणि चुलीच्या वरच्या दांडीवर रात्रभर वाळवते. धुराचा वास थोडा लागतो, पण ओले अभ्रे घालण्यापेक्षा ते बरे.

सर्वांत जास्त फरक मात्र पडला तो गादी बदलल्याने. कापसाची काढून काथ्याची घेतली आणि तिला व उशीला चेन लावलेली, माइट आरपार जाऊ न देणारी घट्ट विणीची खोळ घातली. खोळ काढायची नाही, वरून फक्त ओल्या फडक्याने पुसायची. आईची वाकळ टाकून देणे जमले नाही. ती धुऊन, वाळवून, पेटीत ठेवली आहे, थंडीत काढते.

ओल आणि बुरशी

जांभ्या दगडाची भिंत पाणी पिते. पावळीचे (छपराच्या कडेवरून गळणारे) पाणी जोत्याला लागत असेल, कौल सरकले असेल, तर श्रावणापर्यंत आतल्या बाजूला काळे-हिरवे डाग उठतातच. चामड्याची पाकिटे, पुस्तके, कपाटाची मागची फळी, देवाच्या तसबिरीची मागची बाजू, सगळीकडे बुरशी. तिची बीजे हवेत उडतात आणि नाकात जातात. डाग पुसून उपयोग नाही, पाणी कुठून येते ते आधी बंद करा. आम्ही पावळीखाली फरशीचा उतार बाहेरच्या बाजूला काढला आणि माजघराच्या भिंतीवरचा प्लॅस्टिक पेंट खरवडून पुन्हा चुना मारला. पेंटमागे ओल कोंडते, चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या क्षारामुळे बुरशी चटकन धरत नाही. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढली.

एक गोष्ट बहुतेक घरांत नजरेआड होते. पावसाची बेगमी म्हणून लाकडे, शेणी, सोडणे (नारळाची सोललेली साले), चुडते (माडाच्या सुक्या झावळ्या) आपण पडवीत किंवा थेट स्वयंपाकघराच्या माळ्यावर रचतो. त्यांवर बुरशी धरते आणि तिथून ती घरभर जाते. मांगर (घराबाहेरची सामानाची खोपी) असेल तर सारे तिकडे हलवा. नसेल तर निदान झोपायच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. घरात केर काढताना कोरडी झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा.

मुंबईहून गणपतीला येणाऱ्यांसाठी

"मुंबईत बरा असतो, गावच्या घरात पाऊल टाकले की सुरू" असे म्हणणारे आमच्याच वाडीत सात-आठ जण आहेत. दोष गावाच्या हवेचा नाही. ते घर मे महिन्यानंतर थेट चतुर्थीच्या आदल्या दिवशी उघडते, ऐन ओलीचे तीन महिने बंद राहून. आल्या आल्या माळ्यावरून माटवी (गणपतीवर टांगायची, फळा-पानांनी सजवायची लाकडी चौकट), मखर, समया, जुन्या गोधड्या खाली काढायच्या, त्याच रात्री त्या गोधड्या पांघरून झोपायचे, आणि वर आरतीला धूप. शेजाऱ्यांना किल्ली द्या. चार-पाच दिवस आधी दारे-खिडक्या उघडून पंखे लावून ठेवायला सांगा. उशी आणि पांघरूण मुंबईहून आणा. माळा ॲलर्जी नसलेल्या माणसाने, नाकाला एन-९५ मास्क लावून काढावा आणि ज्याला त्रास आहे त्याने तेवढा वेळ घराबाहेर राहावे. धुपाचा, अगरबत्तीचा धूर ही ॲलर्जी नसते, तो नुसता झोंबतो. पण आधीच सुजलेल्या नाकाला तेवढेही पुरते.

वहीत पावसाळा सोडून दुसरे महिने दिसले तर

भाद्रपद ते कार्तिक, सड्यावर (कातळाच्या माळरानावर) किंवा शेताच्या बांधावर गेल्यावर त्रास, घरात आराम: असे असेल तर गवताच्या परागकणांकडे संशय जातो, कारण ते वाऱ्यावर पसरतात. मळणी-झोडणीच्या वेळचा त्रास पेंढ्यातल्या धुळीचा आणि बुरशीचा. उघड्यावर, वारा आपल्या पाठीकडून येईल असे उभे राहून, मास्क लावून काम करा आणि घरी आल्यावर आधी अंघोळ, मग जेवण. फाल्गुनानंतर भाजावळीचा (लावणीआधी शेत भाजण्याचा) धूर सगळ्यांनाच झोंबतो. त्यावर ॲलर्जीची गोळी लागू पडेलच असे नाही.

मोहोराला मात्र उगाच बदनाम केले जाते. आंब्याचे परागकण चिकट असतात, ते माश्या वाहून नेतात, गवतासारखे मैलभर उडत नाहीत. झाडाखाली काम करताना नाक झोंबू शकते, पण बागेपासून दूर घरात बसून येणाऱ्या शिंका बहुधा दुसऱ्याच कशाच्या असतात. फवारणीच्या दिवशी त्रास होतो का, हे वहीत वेगळे नोंदवा. चिकाने ओठांभोवती, हातांवर उठते ते त्वचेचे दुखणे आहे आणि त्याची वाट वेगळी. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले, त्यामुळे एकाने उठणाऱ्याने दुसऱ्यापासूनही जपावे.

औषधे, आणि माझी एक मोठी चूक

२०१२ मध्ये मेडिकलमधून नाक मोकळे करणारे थेंब आणले. दोन मिनिटांत श्वास मोकळा! मी ते चार महिने घातले. हे थेंब तीन दिवसांपेक्षा, फार तर पाच दिवसांपेक्षा जास्त वापरायचे नसतात. पुढे थेंबाचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त सुजते, पुन्हा थेंब लागतात, आणि माणूस त्या चक्रात अडकतो. मला सोडवायला तीन आठवडे लागले. ते दिवस फार वाईट होते.

नाकाच्या ॲलर्जीवर सर्वांत परिणामकारक औषध म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेला स्टिरॉइडचा नाकातला फवारा, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन. नावाला घाबरू नका, मात्रा अगदी थोडी असते आणि ती नाकापुरतीच राहते. पण तो थेंबांसारखा लगेच काम करत नाही. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात आणि रोज घ्यावा लागतो. "दोन दिवस मारला, काही झाले नाही" म्हणून बाटली कपाटात टाकणारे मी कितीतरी पाहिले. माझ्या डॉक्टरांनी मला तो पाऊस यायच्या दोन आठवडे आधी, म्हणजे २५ मेच्या आसपास सुरू करायला सांगितला, आणि त्या वर्षी मृग पहिल्यांदा शांततेत गेला.

फवारा मारण्याची रीत कोणी दाखवत नाही, म्हणून सांगते. बाटली हलवा, मान किंचित पुढे झुकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने. टोक मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, त्याच कानाच्या दिशेने. श्वास हलकेच घ्या, जोरात ओढलात तर औषध घशात जाते. पडद्यावर मारत राहिले की घोळणा फुटतो आणि लोक औषधाला दोष देतात.

गोळ्यांत सेट्रिझिनने काहींना झोप येते, फेक्सोफेनाडिनने सहसा येत नाही. गाडी, होडी चालवणाऱ्यांनी, झाडावर चढणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गोळी शिंका आणि खाज थांबवते, चोंदलेल्या नाकावर ती तितकी चालत नाही. मॉन्टेलुकास्ट असलेली जोडगोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. तिच्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये मनःस्थितीवरील परिणामांबद्दल सर्वांत ठळक इशारा लावला आहे. मुलांना ती चालू असताना वाईट स्वप्ने, चिडचिड, उदासी दिसली तर डॉक्टरांना कळवा. दर पावसाळ्याला एक "सर्दीचे इंजेक्शन" घेण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी. ते बहुधा स्टिरॉइडचे असते आणि वारंवार घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

मिठाच्या पाण्याने नाक धुण्याने मला खरेच बरे वाटते. अर्धा लिटर पाण्याला एक सपाट छोटा चमचा मीठ. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. विहिरीचे किंवा नळाचे कच्चे पाणी नाकात कधीही घालू नका, त्यातला अमीबा क्वचित का होईना मेंदूपर्यंत जाऊन जीव घेतो. वाफ, आल्याचा काढा, हळदीचे दूध यांनी घटकाभर आराम पडतो. जरूर घ्या, पण ॲलर्जीचे मूळ त्यांनी जात नाही.

रात्री खोकला, पहाटे छातीत घरघर, जिना चढताना धाप असेल तर दमा तपासून घ्या. नाक आणि फुप्फुसे एकाच वाटेवर आहेत, एकीकडची सूज दुसरीकडे उतरते. दम्याच्या पंपाला लोक लाजतात, विशेषतः मुलीला द्यायचा असेल तर. कृपा करून लाजू नका.

तपासणी, आणि काळाबरोबर कमी होण्याचा मार्ग

रक्तातली एकूण आयजीई वाढलेली असणे म्हणजे ॲलर्जीच, असे नाही. पोटात जंत असले तरी ती वाढते. त्वचेवर टोचून करायची चाचणी जास्त उपयोगी, पंधरा-वीस मिनिटांत गांध उठते. तिच्या आधी आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, ते डॉक्टरांना विचारून करा. चाचणीत पाच-सहा गोष्टी निघाल्या तरी वहीशी जुळेल तीच खरी. माझ्या नात्यात एकीला रक्ताच्या कसल्याशा तपासणीवरून शंभरेक पदार्थांची यादी मिळाली आणि तिने भात, नारळ, मासे सगळे सोडले. चार महिन्यांत वजन उतरले, शिंका तशाच. खाऊन त्रास होत नसेल तर नुसत्या कागदावरून ताटातले काही काढू नका. एवढे मात्र खरे की माइट आणि कोळंबी यांच्यात एक प्रथिन सारखे असते, त्यामुळे माइटची ॲलर्जी असलेल्या काहींना कोळंबी खाल्ल्यावर तोंडाला खाज किंवा गांधी येतात. तसे झाले असेल तर डॉक्टरांना सांगा आणि तोवर कोळंबी टाळा.

माझ्या चाचणीत माइट ठळक निघाले. त्यावर मी इम्युनोथेरपी घेतली. ज्याची ॲलर्जी त्याचाच अर्क अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत नेत शरीराला सवय लावायची. ही पद्धत लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागकणांवर प्रथम मांडली. इंजेक्शने किंवा जिभेखालचे थेंब, दोन्ही असतात. तीन ते पाच वर्षे लागतात, पण थांबवल्यावरही काही वर्षे गुण टिकतो, आणि हे गोळ्या-फवाऱ्यांनी होत नाही. दमा आटोक्यात नसताना ती सुरू करत नाहीत. प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचे असते, कारण क्वचित जोराची प्रतिक्रिया येते. तो अर्धा तास घाईत कधी टाळू नका. घरी कुणाला इंजेक्शन टोचू देऊ नका.

मी २०१९ मध्ये माहेरी कोल्हापूरला सुरू केले. सुरुवातीला दर आठवड्याला घाट चढावा लागे, पुढे महिन्यातून एकदा. २०२० च्या टाळेबंदीत खंड पडला, तेव्हा डॉक्टरांनी मात्रा खाली आणून पुन्हा चढवली. पहिल्या वर्षी काहीच जाणवले नाही आणि सोडून द्यावेसे वाटले. दुसऱ्या पावसाळ्यात गोळ्या निम्म्यावर आल्या. २०२३ ला इंजेक्शने थांबली.

वही अजून चालू आहे. २०१३ च्या गणपतीनंतरच्या महिन्यात शिंकांच्या पहाटा सव्वीस होत्या. गेल्या पावसाळ्यात तेवढ्याच दिवसांत चार, त्यातल्या दोन माळा काढल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या. यंदा माळा भावोजी काढणार आहेत आणि मी तो दिवस शेजारच्या खळ्यात माटवीसाठी कवंडळे, सुपाऱ्या, आंब्याचे टाळे बांधत बसणार आहे.